डब्यावरचा हिरवा दिवा

माझे किस्से मी स्वतःच विकतो. खराडीतल्या त्या आयटी पार्कच्या मागच्या गेटला उभं राहून ज्याने ज्याने चहा प्यायलाय, त्याला ते पाठ आहेत. बायकोच्या फोनवरून मी माझ्याच टपरीच्या कोडवर पैसे पाठवले, स्पीकर बोलला पैसे आले, आणि मी समोर उभ्या असलेल्या भलत्याच माणसाला थँक्यू म्हणून वडापाव दिला — तो किस्सा. हेल्मेट घालून अर्धा तास हेल्मेट शोधलं — तो पण. लोक हसतात, हसता हसता दुसरा चहा घेतात. माझा धंदा निम्मा दुधावर चालतो आणि निम्मा माझ्या अकलेवर.

एक किस्सा मात्र गल्ल्याखाली ठेवलाय. तो बायकोला सांगितला नाही, भावाला नाही, देवासमोर उभा राहिलो तेव्हाही दुसरंच काहीतरी बोलून आलो. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं — पण जात नाही. बघा.

तर मी दत्तू. सगळे मामा म्हणतात. शाळा चौथीपर्यंत. पाचवीच्या वर्गात गेलो होतो, पण मास्तरांनी ओळखलं नाही आणि मीही ओळख दाखवली नाही. हे मी लिहीत नाहीये, बोलतोय, फोन लिहितोय. काना-मात्रा चुकली तर फोनला बोला.

आमच्या त्या गेटला दुकानांची एक रांग आहे. माझी टपरी, मग झेरॉक्सवाला, सलून, इस्त्रीवाला, मेडिकल, असं करत पार कोपऱ्यापर्यंत. पार्कातल्या पाच कंपन्या आपल्या माणसांना फोनवर खाण्याची कुपनं द्यायच्या. प्रत्येकीचं कुपन वेगळं, प्रत्येकीचं मशीन वेगळं. माझ्या गल्ल्यावर चहाच्या ग्लासांपेक्षा मशीनं जास्त. त्यात एका कंपनीने एकदा सांगितलं, तुमची मागच्या महिन्याची कुपनं आमच्याकडे दिसतच नाहीत. मी म्हणालो, साहेब, वडे तर दिसले होते ना तुमच्या लोकांना? हसले सगळे. पण दिसत नाही म्हणजे नाही. मी काय दाखवणार होतो? माझ्याकडे पुरावा म्हणून तेलाचा रिकामा डबा होता.

मग त्या पाचही कंपन्यांनी ठरवलं, सगळ्यांचं मिळून एकच कुपन करायचं, ब्लॉकचेनवर. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं सायकलची चेन अडकलीय कुणाची. दोन जणांना कामाला लावलं, दोघांनी दोन वेगळे रस्ते काढायचे, आमच्या रांगेत वापरून बघायचे, आणि जो बरा तो घ्यायचा. ते दोघं माझ्याच टपरीवर भांडायचे, म्हणून मला सगळं कळत गेलं.

एक मृणालताई. वर्ध्याकडच्या. बोलणं फटाफट, हात त्याहून फटाफट. दुसरे इम्रानभाई. कॅम्पात वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, जन्म पुण्यातला, आणि टोमणा असा मारणार की माणूस घरी जाऊन कपडे बदलताना त्याला कळावं. पहिल्या दिवशी माझा चहा पिऊन म्हणाले, "छान आहे. चहा कधी टाकणार यात?"

आता त्यांचं काम मला जसं कळलं तसं सांगतो. तुमच्या सोसायटीत कमिटी असते ना? चार-पाच जण. रंग कुठला द्यायचा, वॉचमन कोण ठेवायचा, ते एका खोलीत बसतात, मान डोलावतात, झालं. मृणालताईंचं तसं. पाच कंपन्यांचे पाच कॉम्प्युटर, त्यातले चार हो म्हणाले की कुपन पोचलं. इतकं पटकन की मी चहा गाळायला घ्यायच्या आत ठण्ण वाजायचं. इम्रानभाईंचं म्हणजे अख्ख्या सोसायटीची मीटिंग. कंपन्यांचे कॉम्प्युटर तर होतेच, पण रांगेतल्या प्रत्येक दुकानात एक छोटा डबा. साबणाच्या डबीएवढा, वर हिरवा दिवा, आत सिमकार्ड. कुणी कुठेही कुपन दिलं की प्रत्येक डब्यात त्याची नोंद. डबे एकमेकांना विचारणार — तुझ्याकडे आलं का, माझ्याकडे आलं — आणि बऱ्याच जणांचं जुळलं की मग पक्कं. वेळ लागायचा. चहा गाळून, ग्लास पुसून, हातात देईपर्यंत. पण एकदा पक्कं झालं की कुठली कंपनी म्हणू शकत नव्हती, आमच्याकडे दिसत नाही. कारण ते माझ्याकडे दिसत होतं. इस्त्रीवाल्याकडे दिसत होतं.

कळलं का तुम्हाला? तो माणूस आमच्या बाजूने भांडत होता.

मृणालताई म्हणायच्या, "अरे बाप्पा, लोकं चहा प्यायला आलेत, निवडणुकीला नाही. एवढ्या जणांना काऊन विचारत बसतोस?"

"कारण तुझे ते पाच जण एकाच हॉटेलात जेवतात," इम्रानभाई म्हणायचे. "उद्या ठरवून मामांना विसरले, तर मामा कुणाकडे जाणार?"

"आणि तुझे डबेच झोपले त?"

"एखाद-दुसरा झोपला तर चालतं. तसंच बनवलंय. निम्म्याहून जास्त एकदम झोपायला ते काय सरकारी ऑफिस आहे?"

हे वाक्य लक्षात ठेवा. एखाद-दुसरा झोपला तर चालतं. मी ते फार नीट लक्षात ठेवलं होतं.

मी त्या दोघांकडे बघत बसायचो. खरं सांगू? माझ्या आयुष्यात मी इतकं सुंदर भांडण पाहिलं नाही. आमच्याकडे भांडण म्हणजे आवाज चढतो, मग बाह्या चढतात. हे दोघं एकमेकांची चूक काढायचे आणि ज्याची चूक निघाली तोच खूश. एकदा महापालिकेने रस्ता खोदला आणि खोदताना केबल तोडली. दोन कंपन्यांची लाईन गेली. पाचातले दोन मुके, मग चार कुठून आणणार? मृणालताईंचं कुपन ठप्प. आणि आमच्या रांगेतले डबे — सिमकार्डावर चाललेले — लुकलुक करत एकमेकांना विचारतायत, तुझ्याकडे आलं का, माझ्याकडे आलं. अख्खी दुपार मी त्यावर चहा विकला. मृणालताई स्वतः आल्या, इम्रानभाईंच्या रस्त्याने कुपन दिलं, थांबल्या, पक्कं झाल्यावर म्हणाल्या, "भारी आहे रे हे." आणि परत जाऊन त्यांनी आपल्यासाठी दुसरी लाईन ओढून घेतली. पुन्हा कधी ठप्प झालं नाही त्यांचं. अशी माणसं.

त्या दुपारी मी रांगेतून फिरून सगळ्यांना सांगितलं की मी आता बँक आहे. सलूनवाला म्हणाला, मग माझं लोन बघ. मी म्हणालो, अर्ज टाक.

पुढे जायला पाय उचलत नाही. चहाचं सांगू का अजून? नाही. जाऊ द्या. सांगतो.

माझ्या टपरीत लाईटचं एकच बटण. त्याला बोर्ड जोडलेला, बोर्डावर तीन भोकं. एक बल्बला, एक फोनला आणि कुपनाच्या मशीनला आळीपाळीने, आणि एक मिक्सरला. माझी चटणी गिऱ्हाइकासमोर वाटलेली, ताजी — हे माझं नाक. बायको म्हणायची, घरून वाटून न्या, काय फरक पडतो? मी म्हणायचो, तुला धंद्यातलं कळत नाही. डबा आला तेव्हा इम्रानभाईंनी मिक्सरच्या भोकात त्याचा प्लग लावला, वर चिठ्ठी चिकटवली, मराठीत, मोठ्या अक्षरात, मला वाचता येईल अशी — काढू नये. आणि मला विचारलं, "मिक्सरचं काय करताय मामा?"

मी म्हणालो, ते बघतो मी, तुम्ही काळजी करू नका.

मी काय बघितलं? चटणी वाटायची वेळ आली की डब्याचा प्लग काढायचा, मिक्सरचा लावायचा. वाटून झालं की परत डब्याचा. एखाद-दुसरा झोपला तर चालतं ना? मग तो एखाद-दुसरा मी. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण मला अक्कल शिकवायची हौस. झेरॉक्सवाल्याचं दुसरं मशीन अडलं होतं, त्याला म्हणालो, काढ प्लग, मी काढतो, काही होत नाही, इम्रानभाईच म्हणालेत. सलूनवाल्याला ट्रिमर चार्ज करायचा होता, त्यालाही तेच. इस्त्रीवाल्याला तर मी स्वतः काढून दाखवला. मी बँक होतो ना. अख्ख्या रांगेत प्रत्येक जण समजत होता, तो एखाद-दुसरा म्हणजे आपणच.

मग तो दिवस आला. पाचही कंपन्यांचे मोठे साहेब एकदम खाली येणार, दोन्ही रस्ते डोळ्यांनी बघणार आणि तिथेच ठरवणार. इम्रानभाईंनी सकाळी येऊन डबा स्वतःच्या रुमालाने पुसला. पांढरा शर्ट घातला होता. मी म्हणालो, मुलगी बघायला चाललात का? म्हणाले, "दाखवायला चाललोय. नाकारू नका."

संध्याकाळी साहेब आले. साहेब आले म्हणून त्यांच्या मागे त्यांची माणसं आली. आज काय आहे म्हणून आणखी माणसं आली. रांगेतल्या प्रत्येक दुकानापुढे गर्दी. आधी मृणालताईंच्या रस्त्याने दिली कुपनं. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. साहेब खूश. मग इम्रानभाईंचा. पहिलं गेलं. दुसरं गेलं. सावकाश, पण गेलं. इम्रानभाई शांतपणे समजावत होते, हा जो उशीर होतोय ना, तेवढ्यात अख्खी रांग साक्षीदार होतेय. एका मॅडमनी मानही डोलावली. माझा तेव्हा ऊर भरून आला होता, खोटं नाही सांगत.

आणि वडे संपत आले. नवीन घाणा काढला. चटणी नव्हती.

मी प्लग काढला.

तेवढाच एक घाणा. तेवढीच एक चटणी. मोठ्या साहेबांना माझी ताजी चटणी खायला घालायची होती मला. मिक्सर फिरत होता आणि समोर इम्रानभाईंच्या फोनवरचं चाक पण फिरत होतं. फिरतंय, फिरतंय, थांबत नाही. मी मान वळवून रांगेकडे बघितलं. झेरॉक्सवाल्याची दोन्ही मशीनं चालू. इस्त्रीवाला घाम पुसत होता. सलूनच्या काचेमागे कुणाचे तरी केस वाळवणं चाललेलं. हिरवे दिवे शोधले मी. मेडिकलचा होता. कोपऱ्यावरचा एक होता. बाकी अंधार.

मला त्याच क्षणी कळलं. हे तुम्ही लिहून घ्या. अडाणी आहे, उशिरा कळलं असेल, असं म्हणायला जागा नाही. त्याच क्षणी कळलं.

मी मिक्सर बंद केला, डब्याचा प्लग लावला. रांगेत एकेकाचं लक्ष गेलं, त्यांनीही लावले. पण डबा उठला की आधी मागचं सगळं वाचून काढतो, मग कामाला लागतो. तोवर साहेबांनी घड्याळ बघितलं. एक जण म्हणाले, चहा थंड झाला. आणि गेले.

इम्रानभाई पहिले माझ्याकडे आले. पहिले माझ्याकडे. चिडले नव्हते. म्हणाले, "मामा, डबा चालू होता ना सगळा वेळ?"

मी म्हणालो, "चालूच की. दिवा बघतच होतो मी."

का म्हणालो? विचार करून करून थकलो. भीती म्हणावं तर कशाची? ते मारणार नव्हते, टपरी उचलणार नव्हते. एक टोमणा मारला असता फार तर. तो टोमणा नको होता मला. ज्या माणसाने मला चिठ्ठी मराठीत लिहून दिली, त्याच्यापुढे अडाणी दिसायचं नव्हतं. जन्मभर मी लोकांना माझ्या मूर्खपणाचे किस्से विकले, आणि जिथे खरोखर मूर्ख ठरायची वेळ आली तिथे मी हुशार झालो.

ते पुढच्या दुकानात गेले. माझं बोलणं झेरॉक्सवाल्याने ऐकलं होतं. तोही म्हणाला, चालू होता. सलूनवाला म्हणाला, चालू होता. इस्त्रीवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं, तोही म्हणाला, चालू होता. सगळ्यांचं जुळलं. सगळ्यांचं जुळलं की पक्कं होतं ना?

त्यानंतर इम्रानभाई माझ्याच बाकड्यावर लॅपटॉप घेऊन बसायचे. रोज. डबे मधेच गप्प झाले आणि मग परत उठले, एवढंच त्यांना दिसत होतं. दिवा चालू आणि डबा गप्प, म्हणजे आतलं काहीतरी गेलं. म्हणजे आपण लिहिलेलं चुकलं. ती चूक ते शोधत होते. एक-एक ओळ. मृणालताई एकदा म्हणाल्या सुद्धा, "अरे, लाईट गेली असन दुकानांची. नीट विचारलं का?" जिंकणारी बाई समोरच्यासाठी पळवाट शोधत होती, बघा.

इम्रानभाई म्हणाले, "मामांना विचारलं ना. ते कशाला खोटं बोलतील?"

मी तिथेच होतो. हातात गाळणं होतं.

त्या माणसाच्या अख्ख्या मशीनचा पाया काय होता? कुणा एकाच्या शब्दावर जायचं नाही. मोठ्या कंपनीच्या नाही, बँकेच्या नाही, कुणाच्याच नाही. असं मशीन बनवणारा माणूस माझ्या शब्दावर गेला. स्वतःच्या कामावर शंका घेतली, माझ्यावर नाही.

मृणालताईंचा रस्ता घेतला कंपन्यांनी. चांगला चाललाय. आजही ठण्ण वाजतं. पैसे वेळेवर येतात, कारण मृणालताई सरळ आहेत. आमच्याकडचे डबे गोळा करून नेले. इम्रानभाईंनी ते काम सोडलं. आता कोथरूडला कुठेतरी दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं काम करतात. लोक म्हणतात त्यांच्यासारखा चुका शोधणारा नाही. नसणारच.

हे सगळं मी असंच घेऊन मेलो असतो. पण गेल्या आठवड्यात दोघं आले. बऱ्याच वर्षांनी, एकत्र. मृणालताई सांगत होत्या की आता दुसऱ्या पार्कांतही हे कुपन न्यायचंय, कंपन्या वाढल्यात, आणि त्यांना आता दुकानदारांकडेही नोंद हवीय. म्हणाल्या, "तुझंच आहे ते. तूच बरोबर होतास रे. ये आणि कर."

इम्रानभाई हसले. "नको."

"काऊन नको?"

"ते का पडलं, मला अजून माहीत नाही. जे का पडलं ते माहीत नाही, ते मी लोकांच्या पैशाखाली परत लावू? नाही. माझ्या हातून नाही होत ते, मृणाल."

मृणालताईंनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे मामा, तुम्ही तरी समजवा. मी समजवलं नाही. मी विचारलं, खारी घेणार का.

ते गेल्यावर मी बसलो बाकड्यावर. इम्रानभाईंच्या हातून होत होतं. झालं होतं. केबल तुटलेल्या त्या दुपारी अख्खी रांग एकमेकांना विचारत होती आणि खरं तेच उत्तर देत होती, ते मी या डोळ्यांनी बघितलंय. त्या मशीनमध्ये चूक नव्हती. इतकी वर्षं ते जी चूक शोधतायत, ती लॅपटॉपमध्ये नव्हतीच. ती त्यांच्यासमोर उभी राहून रोज विचारत होती — साखर कमी ना?